पिवळी शाई संपली म्हणून काळं पत्र का अडतं?

एका पानाचा अर्ज छापायचा आहे. अक्षरं सगळी काळी, काळी शाईही भरपूर आहे. तरी पडद्यावर सूचना येते की पिवळी शाई संपली, कार्ट्रिज बदला. ते बदलेपर्यंत प्रिंट निघत नाही, आणि काही मशीनवर तर स्कॅनसुद्धा होत नाही, ज्याचा शाईशी काडीचाही संबंध नाही. प्रिंटरवर चिडणाऱ्या माणसाला बहुतेक वेळा वाटतं की आपलंच काहीतरी चुकतंय. बहुतेक वेळा तसं नसतं.

प्रिंटरच्या त्रासाची मुळं तीन आहेत. पहिलं मूळ यंत्रात आहे: शाई वाळते, रबर झिजतं, कागद ओलावा धरतो. दुसरं मूळ विक्रीच्या पद्धतीत आहे: कंपनीचा नफा मशीनवर नसून शाईवर असतो. तिसरं मूळ कॉम्प्युटर आणि प्रिंटर यांच्यातल्या संवादात आहे. तिन्ही त्रास पडद्यावर एकसारख्याच दिसणाऱ्या सूचनांमधून समोर येतात, म्हणून घोळ होतो. कोणती अडचण यंत्राची आणि कोणती कंपनीने घातलेली, हे ओळखता आलं की काय साफ करायचं, कोणतं सेटिंग बदलायचं आणि कोणतं मशीन घरात आणायचंच नाही, हे ठरवता येतं.

शाईचा थेंब उडतो कसा

शाईच्या प्रिंटरला इंकजेट म्हणतात. त्याच्या हेडला शेकडो, कधी हजारो बारीक भोकं असतात; ती नोझल. एका नोझलचा व्यास साधारण २० मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीच्या निम्म्याहून कमी. त्यातून निघणारा थेंब काही पिकोलिटरचा असतो. एक पिकोलिटर म्हणजे लिटरचा एक लाख कोटीवा भाग.

हा थेंब बाहेर फेकायच्या पद्धती दोन. एचपी आणि कॅननच्या घरगुती मशीनमध्ये नोझलमागे इवलासा हीटर असतो. तो काही मायक्रोसेकंदांत सुमारे ३०० अंशांपर्यंत तापतो, शाईत वाफेचा बुडबुडा तयार होतो आणि त्याच्या दाबाने थेंब बाहेर पडतो. एप्सन आणि ब्रदर उष्णता वापरत नाहीत. त्यांच्या हेडमध्ये वीज मिळाली की किंचित आकार बदलणारा पिझो घटक असतो, तो शाईला धक्का देतो. तापून तापून हीटर लवकर थकतो, म्हणून कमी किमतीच्या एचपी आणि कॅनन मशीनमध्ये हेड बऱ्याचदा कार्ट्रिजवरच बसवलेलं असतं; कार्ट्रिज बदललं की हेडही नवं मिळतं. पिझो हेड महाग पण टिकाऊ, त्यामुळे ते मशीनमध्येच कायमचं बसवतात. आपल्या मशीनचं हेड कुठे आहे हे एकदा झाकण उघडून पाहून ठेवावं. कार्ट्रिजच्या तळाशी तांबूस-सोनेरी पट्टी आणि नोझलची चकचकीत पाटी दिसली तर हेड कार्ट्रिजवर आहे. पुढचे बरेच उपाय यावरच ठरतात.

फारसं छापलं नाही, तरी शाई गेली कुठे?

शाईत बहुतांश पाणी असतं. हवा लागली की पाणी उडतं आणि उरलेला रंग नोझलमध्ये घट्ट होतो. हे टाळण्यासाठी काम संपल्यावर हेड एका कडेला जाऊन रबरी टोपीवर बसतं. प्रिंटर त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद केला तरच हे नीट घडतं. भिंतीवरचं बटण थेट बंद केलं तर हेड मध्येच, उघडं राहू शकतं आणि शाई झपाट्याने वाळते. घरोघरी होणारी ही सगळ्यात महागात पडणारी सवय आहे. आधी प्रिंटरचं बटण दाबा, आतली हालचाल आणि दिवा दोन्ही थांबू द्या, मगच भिंतीवरचं बटण बंद करा.

शिवाय प्रिंटर मधूनमधून आपणहून हेड साफ करतो. टोपीखालचा पंप नोझलमधून शाई ओढतो आणि मशीनच्या तळाशी असलेल्या स्पंजमध्ये सोडतो. महिन्याला चार पानं छापणाऱ्या घरात शाईचा मोठा वाटा असा स्पंजमध्ये जातो. म्हणून 'कमी छापलं की शाई वाचते' हे इंकजेटला लागू पडत नाही. आठवड्यातून एकदा चारही रंग असलेलं एखादं पान छापणं, एवढा वापर हेड जिवंत ठेवायला पुरतो.

प्रिंटवर आडवे पांढरे पट्टे आले की लोक लगेच हेड क्लीनिंग लावतात, पाच-सहा वेळा सलग. तसं करू नका. आधी नोझल चेक, म्हणजे नोझलच्या बारीक रेघांची जाळी असलेलं चाचणीचं पान, छापा. त्याला अगदी थोडी शाई लागते. जाळीच्या रेघा तुटलेल्या दिसल्या तरच क्लीनिंग लावा, मग पुन्हा नोझल चेक. दोन-तीनदा करूनही फरक पडला नाही तर थांबा आणि मशीन बंद करून किमान सहा तास, शक्यतो रात्रभर तसंच ठेवा. तेवढ्या वेळात घट्ट झालेली शाई भिजते आणि अडकलेली हवा वर सरकते. अनेकदा सकाळच्या पहिल्याच चेकमध्ये रेघा जुळलेल्या दिसतात. सलग क्लीनिंगने मात्र कार्ट्रिज रिकामं होतं आणि स्पंज भरतो.

हेड कार्ट्रिजवर असेल तर आणखी एक उपाय आहे. धागे न सुटणारं कापड कोमट पाण्याने ओलं करायचं, घडी करून ठेवायचं आणि कार्ट्रिजची नोझलची बाजू त्यावर मिनिट-दोन मिनिटं हलकेच टेकवायची. कापडावर शाईचा सलग पट्टा उमटला की नोझल उघडले. तीन रंगांच्या कार्ट्रिजला तिन्ही रंगांचे पट्टे दिसले पाहिजेत. तांबूस संपर्कपट्टीला पाणी किंवा शाई लागली तर कोरड्या कापडाने टिपून घ्या.

आता त्या स्पंजबद्दल. मशीन त्यात किती शाई सोडली हे मोजत असतं आणि ठरलेला आकडा गाठला की 'इंक पॅडचं आयुष्य संपलं' असं सांगून काम थांबवतं. यामागे खरं कारण आहे: भरलेला स्पंज गळला तर टेबल आणि मशीन दोन्ही खराब होतात. पण स्पंज ही साधी वस्तू आहे, आणि ती वापरणाऱ्याला बदलता येऊ नये अशा जागी बसवणं हा कंपनीचा निर्णय आहे. अलीकडच्या बऱ्याच मॉडेलांत हा भाग 'मेंटेनन्स बॉक्स' म्हणून वेगळा मिळतो. एक-दोन स्क्रू काढून किंवा झाकण सरकवून तो घरीच बदलता येतो. नुसता काउंटर शून्यावर आणणारी सॉफ्टवेअरं मिळतात, पण स्पंज न बदलता ती वापरणं म्हणजे गळतीला निमंत्रण.

पिवळ्याविना काळं का नाही?

याचं उत्तर अर्धं यंत्राचं, अर्धं कंपनीचं आहे.

यंत्राची बाजू अशी. हेड कायमचं असेल तर एखादी नळी पूर्ण कोरडी पडणं त्याला घातक असतं. हीटरच्या हेडमध्ये शाईच हीटरला थंड ठेवते. शाईविना तो तापला की जळतो. पिझो हेडमध्ये हवा शिरली की धक्का शाईला न बसता हवेतच विरतो. आणि क्लीनिंग सुरू झालं की पंप सगळ्या रंगांच्या नळ्यांमधून एकदमच ओढतो, त्यामुळे फक्त काळं छापलं तरी पिवळी नळी सुरक्षित राहत नाही.

दुसरी गोष्ट, 'काळं' छापताना प्रिंटर नुसती काळी शाई वापरतो असं नाही. राखाडी छटा आणि फोटो यांत निळसर, गुलाबी आणि पिवळा मिसळला जातो. ड्रायव्हरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, कागदाचा प्रकार 'ग्लॉसी' निवडला असेल तर अनेक मशीन काळी शाई बाजूला ठेवून तिन्ही रंग मिसळूनच काळा तयार करतात, कारण मजकुरासाठीची काळी शाई चकचकीत कागदावर नीट बसत नाही. म्हणून छापण्याआधी कागद 'प्लेन' आहे ना ते पाहा, 'ग्रेस्केल' निवडा आणि त्याखाली 'फक्त काळी शाई' असा पर्याय असेल तर तोही निवडा. निव्वळ ग्रेस्केलमध्ये रंग मिसळले जाऊ शकतात, हे लक्षात ठेवा.

हेड कार्ट्रिजवर असलेल्या मशीनमध्ये मात्र वरचं कारण टिकत नाही, कारण रंगाचं कार्ट्रिज कोरडं पडलं तर नुकसान त्या कार्ट्रिजचंच. म्हणून तिथे वाटही ठेवलेली असते. एचपीच्या अनेक अशा मॉडेलांत संपलेलं रंगाचं कार्ट्रिज काढून ठेवलं की मशीन एकाच कार्ट्रिजवर चालतं. कॅननच्या दोन कार्ट्रिजच्या मॉडेलांत उलट आहे: दोन्ही कार्ट्रिजं जागेवरच हवीत, पण ड्रायव्हरच्या मेंटेनन्स भागातल्या कार्ट्रिज सेटिंगमध्ये 'फक्त काळं' निवडता येतं. कॅननच्या बऱ्याच पिक्समा मॉडेलांत शाई संपल्याची सूचना आली तर स्टॉप बटण पाच सेकंदांहून जास्त दाबून धरलं की पुढे छापता येतं. त्यानंतर शाईची पातळी दाखवणं बंद होतं, इतकंच.

शाई संपली म्हणून स्कॅन अडवण्याला मात्र यंत्राचं कोणतंही कारण नाही. स्कॅनर हा काच, दिवा आणि संवेदक असलेला स्वतंत्र भाग आहे.

मशीन स्वस्त, शाई महाग

घरगुती इंकजेट बऱ्याचदा बनवण्याच्या खर्चाच्या आसपास, कधी त्याहून कमी किमतीत विकले जातात. ती तूट आणि वरचा नफा पुढच्या काही वर्षांत शाईतून भरून काढायचा, असं हे गणित आहे. ते तेव्हाच जुळतं, जेव्हा ग्राहक शाई त्याच कंपनीची घेतो. म्हणून कार्ट्रिजवर एक चिप असते. ती मशीनला सांगते की मी कोण, मूळ कंपनीची की नाही, आणि माझ्यातली किती शाई वापरली गेली. 'शाई कमी आहे' ही सूचनाही बहुतेक मशीनमध्ये प्रत्यक्ष पातळी पाहून येत नाही. सोडलेले थेंब किंवा छापलेले ठिपके मोजून काढलेला तो अंदाज असतो. म्हणून 'कमी आहे' म्हटल्यावर लगेच कार्ट्रिज बदलू नका. नवं आणून ठेवा आणि अक्षरं फिकट होईपर्यंत जुनंच चालवा.

मशीनच्या आत कायम राहणाऱ्या सॉफ्टवेअरला फर्मवेअर म्हणतात. ते इंटरनेटवरून बदलता येतं, आणि खरा वाद इथेच आहे. १३ सप्टेंबर २०१६ रोजी एचपीच्या अनेक ऑफिसजेट प्रिंटरांनी इतर कंपन्यांची, त्याआधी व्यवस्थित चालणारी कार्ट्रिजं नाकारायला सुरुवात केली. ओरड झाल्यावर कंपनीने ग्राहकांना नीट कळवलं नाही याबद्दल माफी मागितली आणि अडथळा काढणारं फर्मवेअर दिलं. पण ही पद्धत पुढेही चालू राहिली. डिसेंबर २०२० मध्ये इटलीच्या स्पर्धा आयोगाने अशा निर्बंधांची माहिती ग्राहकांना नीट न दिल्याबद्दल एचपीला १ कोटी युरोंचा दंड केला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये लेक्समार्क कंपनीच्या खटल्यात ठरवलं की एकदा कार्ट्रिज विकलं की त्यावरचा पेटंटचा हक्क संपतो. ते पुन्हा भरून विकणाऱ्याला कंपनी पेटंटच्या जोरावर अडवू शकत नाही. कायद्याने पेटंटची वाट बंद केली, चिप आणि फर्मवेअरची मात्र उघडीच राहिली.

चिपची गरज किती हे २०२२ च्या सुरुवातीला कॅननच्याच सांगण्यातून उघड झालं. जगभर चिपांचा तुटवडा होता, कॅननला आपल्या काही ऑफिस मशीनच्या टोनरवर, म्हणजे शाईऐवजी पूड असलेल्या कार्ट्रिजवर, चिप बसवता येईना. मशीन ते टोनर नकली समजू लागले. तेव्हा कंपनीनेच ग्राहकांना ती सूचना कशी ओलांडायची ते लिहून दिलं आणि सांगितलं की चिप नसल्याने छपाईच्या दर्जावर परिणाम होत नाही. टोनरची पातळी दाखवण्यासारख्या सोयींवर होऊ शकतो.

शाईचं मासिक वर्गणीचं योजनापत्रक हाती आलं तर तीन ओळी शोधून वाचा. पैसे पानांच्या संख्येवर की शाईवर, प्रिंटर कायम इंटरनेटला जोडलेला असावा लागतो का, आणि वर्गणी बंद केल्यावर आत असलेल्या कार्ट्रिजचं काय. एचपीच्या योजनेत वर्गणी संपली की त्या योजनेची कार्ट्रिजं शाई शिल्लक असली तरी छापत नाहीत. दर महिन्याला ठरावीक आणि पुष्कळ रंगीत छापणाऱ्याला हे परवडूही शकतं. कधीमधी छापणाऱ्याने यात पडू नये.

पण कंपनीचीच शाई चांगली असते ना?

असते, आणि हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. हीटरच्या हेडमध्ये शाई योग्य तापमानाला उकळली पाहिजे, तळाशी कोळपता कामा नये. भलत्याच शाईने नोझल तुंबतात आणि हेड कायमचं असेल तर नुकसान मोठं होतं. फोटो वर्षानुवर्षं टिकवायचे असतील तर मूळ शाई आणि तिच्याच जोडीचा कागद वापरावा. साध्या मजकुरासाठी चांगल्या उत्पादकाची पर्यायी शाई चालते. फक्त रंगद्रव्याची आणि विरघळलेल्या रंगाची शाई एकमेकांत मिसळू नये, दोन्हींच्या संयोगाने गाळ बसतो. दर्जाबद्दल इशारा देणं हा कंपनीचा हक्क आहे. पण इशारा देणं वेगळं आणि विकत घेतलेलं यंत्र बंद पाडणं वेगळं. पहिलं ग्राहकाला निवड देतं, दुसरं ती काढून घेतं.

पर्यायी कार्ट्रिज वापरायची असतील तर मशीन घेतानाच ठरवा: खोक्यावर किंवा संकेतस्थळावर 'फक्त मूळ चिपची कार्ट्रिजं चालतील' असा मजकूर आहे का पाहा, आणि फर्मवेअरचं आपोआप अपडेट बंद करता येतं का तेही. घरच्या मशीनवर ते बंद ठेवणं रास्त आहे. ऑफिसच्या नेटवर्कवर मात्र नको, कारण त्याच अपडेटमधून सुरक्षेच्या त्रुटीही बुजवल्या जातात.

लेझरची गोष्ट वेगळी

लेझरमध्ये शाईच नसते, त्यामुळे वाळण्याचा प्रश्न येत नाही. सहा महिने बंद ठेवलं तरी पहिलं पान स्वच्छ येतं. झेरॉक्स कंपनीत काम करणाऱ्या गॅरी स्टार्कवेदर यांनी ही पद्धत विकसित केली. कंपनीने १९७७ मध्ये पहिलं मोठं मशीन आणलं, आणि १९८४ मध्ये एचपीच्या लेझरजेटने ती टेबलावर आली. ड्रम नावाच्या नळीवर विद्युतभार दिला जातो, लेझर किरण अक्षराच्या जागचा भार काढतो, तिथे टोनर चिकटतो आणि तो कागदावर उतरतो. टोनर म्हणजे रंग मिसळलेली प्लॅस्टिकची अतिशय बारीक पूड. शेवटी फ्यूजर नावाचा सुमारे २०० अंशांचा गरम रोलर ती पूड वितळवून कागदात बसवतो.

इतकं कळलं की दोष ओळखणं सोपं जातं. अक्षरं बोटाने चोळल्यावर निघत असतील तर पूड नीट वितळत नाही: कागद जाड असून सेटिंग 'प्लेन' आहे, किंवा फ्यूजर थकला. पान एका बाजूला फिकट येत असेल तर टोनर संपत आला. कार्ट्रिज काढून आडवं धरा, पाच-सहा वेळा हळू डावी-उजवीकडे हलवा, आणखी काही पानं निघतील. एकच ठिपका पानावर ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येत असेल तर पट्टी घेऊन ते अंतर मोजा. फिरणाऱ्या रोलरवर एक खूण असेल तर ती प्रत्येक फेरीला उमटते, म्हणून अंतर म्हणजे त्या रोलरचा परीघ. अनेक छोट्या लेझरचा ड्रम २४ मिलिमीटर व्यासाचा असतो, त्याचा परीघ साधारण ७५ मिलिमीटर. ३० मिलिमीटरच्या ड्रमचा ९४. हे आकडे जुळले तर ड्रम बदलायचा, फ्यूजर किंवा आख्खं मशीन नाही. दुरुस्तीवाल्याकडे जाण्याआधी हे माप हातात असलेलं बरं.

दोन खबरदाऱ्या. ड्रम उजेडाला संवेदनशील असतो. बाहेर काढला तर जाड कापडाने झाकून ठेवा. आणि सांडलेला टोनर कोरड्या कापडाने किंवा थंड पाण्याने पुसा. गरम पाण्याने तो वितळून कायमचा चिकटतो, आणि साध्या व्हॅक्यूम क्लीनरच्या गाळणीतून तो खोलीभर उडतो.

कागद अडकतो कुठे आणि का

गठ्ठ्यातून नेमका एकच कागद उचलणं हे प्रिंटरचं सगळ्यात अवघड काम. वरचा रबरी रोलर कागद पुढे ओढतो आणि खालची रबरी किंवा बुचाची पट्टी दुसऱ्या कागदाला मागे धरते. नोटा मोजताना बोट कोरडं पडलं की नोटा निसटतात आणि दोन-दोन एकदम येतात, तसंच रोलरचं होतं: कागदाच्या भुकटीने त्याची पकड जाते. म्हणून 'ट्रेमध्ये कागद आहे तरी मशीन कागद मागतं' आणि 'एकदम तीन कागद ओढतं' या दोन्ही तक्रारींवर पहिला उपाय एकच. मशीन बंद करून वायर काढा, ट्रे बाहेर घ्या, पाण्याने किंचित ओल्या कापडाने रोलर फिरवत फिरवत सगळीकडून पुसा, तसंच खालची पट्टी. पूर्ण वाळू द्या. तेल किंवा वंगण कधीही लावू नका. रबर पुसूनही चकाकत असेल तर ते कडक झालंय. रोलर आणि पट्टी हे बदलता येणारे सुटे भाग आहेत.

कागदाकडेही बघा. दमट हवेत उघडं राहिलेलं रिम कडेने लाटांसारखं वळतं, आणि लेझरच्या उष्णतेत आणखी वळतं. उरलेला कागद त्याच्या वेष्टनात आडवा ठेवा. भरताना कडा मोकळ्या करून घ्या, ट्रेच्या खुणेपलीकडे भरू नका, आणि बाजूच्या पट्ट्या कागदाला टेकतील एवढ्याच सरकवा. ७० ते ८० जीएसएमचा (एका चौरस मीटरचं वजन तितके ग्रॅम) कागद बहुतेक मशीनना मानवतो.

अडकलेला कागद दोन्ही हातांनी, शक्यतो तो ज्या दिशेने जात होता त्याच दिशेने सावकाश ओढा. लेझर असेल तर फ्यूजर थंड व्हायला अर्धा तास द्या. फाटलेला प्रत्येक तुकडा जुळवून पान पूर्ण होतं का ते पाहा. नखाएवढा तुकडाही कागदाच्या वाटेवरच्या प्लॅस्टिकच्या पात्याला दाबून धरतो आणि मशीन आत काही नसताना 'कागद अडकला' म्हणत राहतं. तुकडा नसेल तर हे पातं बोटाने हलवून परत जागेवर येतं का ते तपासा.

आणखी एक नेहमीची अडचण: ट्रे भरलेला, रोलर स्वच्छ, तरी मशीन कागद मागतं. फाइल उघडून कागदाचा आकार पाहा. अमेरिकन 'लेटर' आकार २१६ बाय २७९ मिलिमीटर, ए४ २१० बाय २९७. बरीच सॉफ्टवेअर मुळात लेटरवर असतात आणि प्रिंटर त्या कागदाची वाट बघत बसतो.

'ऑफलाइन': समोर असलेला प्रिंटर दिसत नाही

राउटर प्रत्येक उपकरणाला नेटवर्कवरचा एक पत्ता देतो, तो आयपी पत्ता. हा पत्ता कायमचा नसतो. वीज गेली, राउटर पुन्हा सुरू झाला, आणि प्रिंटरला नवा पत्ता मिळाला की कॉम्प्युटर जुन्याच पत्त्यावर पान पाठवत राहतो. कायमचा इलाज: प्रिंटरवरून नेटवर्कची माहिती देणारं पान छापून घ्या, राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या प्रिंटरसाठी एक पत्ता राखून ठेवा, मग कॉम्प्युटरवर प्रिंटर त्याच पत्त्याने पुन्हा जोडा. अनेक प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्‌झचं वायफाय पकडतात, आणि 'गेस्ट' नेटवर्कवर बऱ्याचदा उपकरणं एकमेकांना दिसत नाहीत, हेही तपासा.

पत्ता बरोबर असूनही विंडोज ऑफलाइन म्हणत असेल तर प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'पोर्ट्‌स', तिथे 'कॉन्फिगर पोर्ट' आणि त्यात 'एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड' ही खूण काढा. विंडोज या मार्गाने प्रिंटरची हालहवाल विचारतं. उत्तर मिळालं नाही की प्रिंटर चालू असूनही तो बंद समजतं.

रांगेतलं एखादं पान रद्दही होत नाही आणि पुढेही जात नाही, तेव्हा स्पूलर अडकलेला असतो. स्पूलर म्हणजे पानांची रांग सांभाळणारी सेवा. विंडोजच्या 'सर्व्हिसेस'मध्ये 'प्रिंट स्पूलर' थांबवा, विंडोज फोल्डरमधल्या सिस्टम३२, त्यातल्या स्पूल आणि त्यातल्या प्रिंटर्स या फोल्डरमधल्या फाइली पुसा, फोल्डर मात्र ठेवा, आणि सेवा पुन्हा सुरू करा.

ऑफिसात साधा प्रिंटर जोडायलाही आयटी विभागाची परवानगी का लागते, असा प्रश्न पडतो. २०२१ मध्ये याच स्पूलरमध्ये 'प्रिंटनाइटमेअर' नावाची गंभीर त्रुटी सापडली, तिच्यातून बाहेरचा माणूस आख्ख्या कॉम्प्युटरचा ताबा घेऊ शकत होता. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने प्रिंटरचा ड्रायव्हर बसवायला प्रशासकाचे अधिकार सक्तीचे केले. त्रास वाढला, पण इथे कारण खरं आहे. ड्रायव्हरची गरजच कमी करणं हा चांगला मार्ग. ॲपलची एअरप्रिंट ही ड्रायव्हरविना छापायची सोय २०१० पासून तेच करते. नवं मशीन घेताना एअरप्रिंट किंवा मोप्रिया (अँड्रॉइड फोनसाठीची तशीच सोय) यांची खूण पाहा. अशा मशीनला कंपनीचं जडशीळ ॲप न टाकताही फोनवरून आणि कॉम्प्युटरवरून छापता येतं.

सॉफ्टवेअर बंदिस्त असलं की काय होतं, हे प्रिंटरमुळे फार पूर्वी कळलं होतं. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत कागद अडकला की सगळ्यांना कळवणारी सोय तिथले प्रोग्रामर रिचर्ड स्टॉलमन यांना झेरॉक्सच्या नव्या लेझरमध्ये घालायची होती. त्यांना त्याचा सोर्स कोड, म्हणजे सॉफ्टवेअरचा बदलता येणारा मूळ मजकूर, मिळाला नाही. १९८३ मध्ये त्यांनी मुक्त, म्हणजे कुणालाही पाहता-बदलता येणाऱ्या, सॉफ्टवेअरचा ग्नू प्रकल्प जाहीर केला, त्यामागच्या कारणांत हा अनुभव ते स्वतः सांगत आले आहेत.

मग घ्यावा कोणता?

मशीनची किंमत पाहून ठरवू नका. कार्ट्रिजची किंमत भागिले त्यावर लिहिलेली पानं, हा आकडा आधी काढा. मात्र ती पानं ठरवायची रीत माहीत हवी. काळ्या टोनरसाठी आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचं १९७५२ आणि इंकजेटसाठी २४७११ हे मानक वापरतात. काळ्या मजकुराच्या पानाचा साधारण ५ टक्के भाग छापलेला असतो असं या आकड्यांत धरलेलं असतं, म्हणजे एखादं आटोपशीर पत्र. दाट मजकूर, तक्ते, गडद शीर्षपट्ट्या आल्या की पानं झपाट्याने घटतात. शिवाय चाचणीत पानं सलग छापली जातात. घरी मधेमधे होणाऱ्या क्लीनिंगची शाई त्यात फारशी येत नाही. कधीमधी छापणाऱ्याने लिहिलेल्या आकड्याच्या बऱ्याच खाली अंदाज धरावा. आणि मशीनसोबत येणारं कार्ट्रिज अनेकदा कमी भरलेलं असतं, ते किती पानांचं हे वेगळं विचारा.

फक्त मजकूर आणि कधीतरी छपाई असेल तर काळा लेझर घ्या. मन:शांती सगळ्यात जास्त त्यातच आहे. रंगीत आणि भरपूर छपाई असेल तर शाईच्या टाक्यांचा प्रिंटर. लोक स्वतःच बाहेरून टाक्या जोडायला लागल्यावर एप्सनने २०१० मध्ये इंडोनेशियात असा प्रिंटर आणला, आता इतर कंपन्याही बनवतात. शाई बाटलीने भरायची, त्यामुळे प्रति पान खर्च कार्ट्रिजच्या तुलनेत फारच कमी. पण तो इंकजेटच आहे: महिनाभर बंद ठेवला तर नोझल तुंबतात, टाकी खालच्या खुणेखाली गेली तर नळ्यांत हवा शिरते, आणि मेंटेनन्स बॉक्स घरी बदलता येतो का हे इथेही विचारायचंच. महिन्याला दहाच रंगीत पानं लागत असतील तर ती बाहेरून छापून घेणं हाच सरळ हिशेब.

जुनं मशीन टाकण्याआधी दोष कोणता ते पाहा. रोलर, पट्टी, ड्रम, मेंटेनन्स बॉक्स हे झिजायचेच भाग. ते बदलून मशीन वर्षानुवर्षं चालतं. कायमचं हेड जळलं असेल तर बहुधा दुरुस्ती परवडत नाही. टाकायचंच असेल तर मेनूमधून फॅक्टरी रीसेट करा, कारण वायफायचा पासवर्ड आत साठलेला असतो. ऑफिसच्या मोठ्या मशीनमध्ये बऱ्याचदा हार्ड डिस्क असते आणि छापलेल्या, स्कॅन केलेल्या कागदांच्या प्रती तिच्यावर राहू शकतात. भाड्याचं मशीन परत जातानाही ती डिस्क पुसून घ्या आणि तसं लेखी घ्या.